कुणाला कोणता गेम का आवडतो?

नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली राजी, राजस्थानी धाटणीचे किल्ले आणि महाल, आणि तिची गोष्ट एकमेकांशी बोलत सांगणारे विष्णू आणि दुर्गा. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनांत ‘राजी’ होता. परीक्षणं मात्र दोन सुरांत आली. काहींना ते जग आणि ती चित्रं इतकी भावली की बाकीच्या उणिवा त्यांनी मनावर घेतल्या नाहीत. काहींनी लिहिलं की दिसायला देखणा आहे, पण लढाया अडखळतात आणि गोष्ट रंगात येते तोवर गेम संपतो.

माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. पहिले त्या जगात थोडा वेळ राहायला गेले होते, दुसरे हाताचं कसब पणाला लावायला गेले होते. एकाच गेमकडे माणसं इतक्या वेगळ्या अपेक्षांनी का जातात, आणि एकाला जो सोडवत नाही तो दुसऱ्याला दहा मिनिटांत कंटाळवाणा का होतो, यावर गेली तीसेक वर्षं गंभीरपणे काम चाललं आहे. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. जानेवारी २०१९ मध्ये ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या गेमच्या नादाबद्दल तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी ‘हा पबजीवाला आहे का?’ असं विचारलं आणि तो प्रश्न देशभर गाजला. तेव्हापासून घरोघरी बोलणं होतं ते मूल किती वेळ खेळतं यावर. ते काय खेळतं आणि त्यातून त्याला काय मिळतं, हा प्रश्न मागे राहतो. त्या मागे राहिलेल्या प्रश्नाचा हा आढावा आहे.

पुण्यात बसून तो घ्यायला कारण आहे. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतलेला स्टुडिओ इथे आहे. ब्रिटनच्या सुमो डिजिटलचा स्टुडिओ त्याच्या आदल्या वर्षापासून इथे आहे. ‘मास्कगन’ आणि ‘इंडस’ बनवणारी सुपरगेमिंग इथली, ‘सचिन सागा’ आणणारी जेटसिंथेसिसही इथलीच. म्हणजे जगभरच्या खेळाडूंना काय आवडेल याचा अंदाज बांधून पगार घेणारी शेकडो माणसं या शहरात आहेत, आणि खेळणारी तर प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

व्हिडिओ गेमच्या आधी

खेळाकडे विचारवंतांनी गांभीर्याने पाहायला सुरुवात केली ती व्हिडिओ गेम जन्मण्याआधी. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ लिहून संस्कृतीच्या मुळाशी खेळ आहे, असं मांडलं. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. खेळातून मिळणारा आनंद एकाच जातीचा नसतो, असं सांगून त्यांनी त्याचे चार प्रकार केले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ.

ही विभागणी मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. कबड्डी आणि खो-खो ही स्पर्धा. सारीपाटाचे फासे म्हणजे नशीब, जरी कुठली सोंगटी पुढे काढायची हे डोक्यावर असलं तरी. भातुकली हे सोंग : मातीचा भात वाढायचा आणि समोरच्याने तो चवीने खायचा. आणि मंगळागौरीला फुगडी धरून गरगर फिरताना मिळते ती भोवळ. तिथे जिंकायचं काही नसतं, गोष्ट काही नसते, तरी दमछाक होईपर्यंत हात सोडवत नाहीत.

कायवांनी आणखी एक रेघ आखली होती. एका टोकाला मोकळं, नियम नसलेलं बागडणं आणि दुसऱ्या टोकाला नियमांनी घट्ट बांधलेला खेळ. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरवले, तेव्हा अंगणातला एक खेळ या रेघेवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकला. त्याने खेळ देशभर गेला, पण अंगणात हवे तसे नियम बदलून खेळणाऱ्यांची मजा वेगळीच होती. आज ‘माइनक्राफ्ट’मध्ये नुसतंच काहीतरी बांधत बसणारं मूल आणि त्याच घरात रँकसाठी झगडणारा मोठा भाऊ, यांच्यातलं अंतर हेच आहे.

कायवांची चौकट आनंदाचं वर्गीकरण करते, माणसांचं नाही. पुढची चर्चा माणसांच्या वर्गीकरणाकडे वळली. ते वळण कितपत योग्य होतं, हाच आजच्या वादाचा गाभा आहे.

बार्टल यांचे चार पत्ते

इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ नावाचा गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल त्याला येऊन मिळाले. चित्रं नाहीत, फक्त मजकूर. अनेक जण आपापल्या ठिकाणाहून एकाच कल्पित जगात शिरायचे, फिरायचे, खजिना शोधायचे, एकमेकांशी बोलायचे आणि लढायचे. आजच्या सगळ्या ऑनलाइन जगांचा हा पूर्वज.

पुढे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या जुन्याजाणत्या खेळाडूंमध्ये नोव्हेंबर १९८९ ते मे १९९० या काळात एक लांबलचक वाद झाला : लोकांना यातून हवं तरी काय असतं? तो वाद चाळून बार्टल यांनी १९९६ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला आणि खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या चार रंगांत मांडले. चौकट म्हणजे कमावणारे, ज्यांना गुण, पातळी आणि खजिना हवा. इस्पिक म्हणजे धुंडाळणारे, ज्यांना जगाचे कानेकोपरे आणि त्यातली छुपी यंत्रणा समजून घ्यायची असते. बदाम म्हणजे गप्पिष्ट, ज्यांना खेळ हे भेटीगाठींचं निमित्त. किलवर म्हणजे दुसऱ्याला हरवण्यात, छळण्यात, कधी त्याला आपल्या मुठीत ठेवण्यात रस घेणारे. या चौघांमागे दोन अक्ष होते : तुमचा रोख इतर खेळाडूंवर आहे की जगावर, आणि तुम्हाला त्यांच्यावर कृती करायची आहे की त्यांच्याशी देवाणघेवाण.

या लेखातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग फारसा उद्धृत होत नाही. बार्टल यांनी प्रकार सांगून थांबण्याऐवजी ते एकमेकांवर कसे परिणाम करतात हे लिहिलं. छळणारे वाढले की गप्पिष्ट पळ काढतात. गप्पिष्ट गेले की जग ओस पडतं, आणि मग कमावणाऱ्यांना कमाई दाखवायला कुणी उरत नाही. तुम्हाला गेम आवडतो की नाही हे तुमच्या स्वभावाइतकंच शेजारी कोण खेळतंय यावर ठरतं, ही त्यातली दृष्टी होती. ‘बीजीएमआय’ या पबजीच्या भारतीय आवृत्तीत अनोळखी खेळाडूंच्या लॉबीत उतरलेला आणि पहिल्या दोन मिनिटांत माइकवरून शिव्या ऐकलेला कुणीही हे सांगू शकेल. माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुलींना तर हे सांगावंही लागत नाही.

चार प्रकार लोकप्रिय झाले, फार झाले. त्यावर आधारित चाचणी निघाली, लाखोंनी ती दिली, आणि कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांना गुण आणि बिल्ले देण्याच्या योजनांपर्यंत ते पोचले. स्वतः बार्टल यांनी अनेकदा बजावलं की ही मांडणी सामायिक कल्पित जगांसाठी होती, ती कोणत्याही खेळाला चिकटवू नका. पुढे २००३ च्या पुस्तकात त्यांनी तिसरा अक्ष घालून चाराचे आठ प्रकारही केले. पण चार पत्त्यांची सोय अशी की ती लोकांच्या डोक्यातून जात नाही.

मोजणाऱ्यांचा आक्षेप

निक यी या संशोधकाने सरळ प्रश्न विचारला : हे चार प्रकार खरोखर वेगळे आहेत, हे कुणी मोजलं आहे का? त्यांनी ऑनलाइन जगांत खेळणाऱ्या सुमारे ३,००० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. उत्तरांतून दहा प्रेरणा निघाल्या आणि त्या तीन गटांत बसल्या : कमाई, सोबत आणि रमणं. महत्त्वाचं हे की एक वाढली की दुसरी घटते असं दिसलं नाही. ज्याला पातळ्या चढायच्या आहेत त्याला गप्पाही तितक्याच हव्या असू शकतात. म्हणजे माणूस एका खणात बसत नाही. त्याच्यात सगळ्याच प्रेरणा कमी-जास्त प्रमाणात असतात, आणि मोजायचं ते प्रमाण.

यी यांनी निकोला दुशनो यांच्यासोबत पुढे क्वांटिक फाउंड्री ही संस्था काढली. त्यांची आजची चौकट बारा प्रेरणांची आहे : उद्ध्वस्त करणं, थरार, स्पर्धा, जमात, आव्हान, डावपेच, पूर्ण करणं, सामर्थ्य, कल्पित रूप, कथा, रचना आणि शोध. लाखो लोकांनी त्यांची प्रश्नावली भरली आहे आणि गेम कंपन्या ते निष्कर्ष विकत घेतात.

त्यातले वयाविषयीचे निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वय वाढेल तशी स्पर्धेची ओढ सर्वांत वेगाने उतरते. डावपेचांची आवड मात्र जवळजवळ तशीच टिकते. पुरुषांत स्पर्धेची आणि उद्ध्वस्त करण्याची ओढ अधिक दिसते, स्त्रियांत काम पूर्णत्वाला नेण्याची आणि कल्पित रूप घेण्याची. पण स्पर्धेच्या बाबतीत वयामुळे पडणारा फरक स्त्री-पुरुष फरकापेक्षा मोठा आहे, आणि पंचेचाळिशीच्या आसपास स्त्री-पुरुषांमधली दरी जवळजवळ बुजते. ‘मुलींचे गेम’ आणि ‘मुलांचे गेम’ अशी कपाटं लावणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

या पद्धतीवरचे आक्षेपही रास्त आहेत. प्रश्नावली भरायला आपणहून येतो तो आधीच स्वतःला गेमर मानणारा माणूस. पीएमपीच्या बसमध्ये ‘कँडी क्रश’ खेळणाऱ्या बाईंना ‘तुम्ही गेमर आहात का?’ विचारलं तर त्या बहुधा नाही म्हणतील. शिवाय माणसाला आपल्याला काय आवडतं ते नेमकं सांगता येतं, हे या पद्धतीत गृहीत धरलेलं असतं. मानसशास्त्रात मानल्या जाणाऱ्या स्वभावाच्या पाच घटकांशी गेमची आवड जोडून पाहण्याचेही प्रयत्न झाले. दुवे सापडले, पण ते सहसा क्षीण होते. अंतर्मुख माणूस अमुकच गेम खेळेल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

सगळ्यांची भूक एकच, असं मानणारे

दुसरा एक प्रवाह या सगळ्या वर्गीकरणाकडे पाठ करून उभा आहे. मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला की माणूस कामात हरवून जातो. आव्हान जास्त झालं तर धास्ती, कमी झालं तर कंटाळा. या विचाराने गेममध्ये हा माणूस कोणत्या प्रकारचा आहे हे फारसं महत्त्वाचं राहत नाही. त्याच्या हाताला किती जमतंय, तेवढं पाहायचं.

रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २००६ मध्ये हाच धागा पुढे नेला. रायन आणि एडवर्ड डेसी यांच्या सिद्धांतानुसार माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा असतात : आपल्या मनाने वागता येणं, आपल्याला काही जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. गेम या गरजा जितक्या भागवतो तितका तो आवडतो, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. मग आवडी वेगळ्या का? कारण दिवसभरात कुणाच्या कोणत्या गरजेवर टाच येते ते वेगळं असतं, आणि गेमही त्या वेगवेगळ्या वाटांनी भागवतात.

याच गटाचं २००९ मधलं एक काम पालकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावं असं आहे. हिंसा आहे म्हणून हिंसक गेम आवडतात का, हे तपासायला त्यांनी ‘हाफ-लाइफ २’ची दोन रूपं केली. एकात प्रतिस्पर्धी रक्तबंबाळ होऊन पडत, दुसऱ्यात खूण लागताच हवेत तरंगत निघून जात. खेळाडूंच्या आनंदात हिंसेमुळे विशेष भर पडली नाही. आनंद ठरत होता तो जमतंय आणि मोकळीक आहे या भावनेने. अर्थात प्रयोगातला एक गेम म्हणजे सगळे गेम नव्हेत, आणि रक्तपाताचंच आकर्षण असलेले थोडेसे लोक असतात, हे त्याच अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

मला या सिद्धांताची एक अडचण दिसते, ती नशिबाच्या खेळांची. लुडोत जमण्यासारखं असतं तरी काय? फासा पडेल तसं चालायचं. तरीही नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा २०१६ मधला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. आजी पुण्यात, नातू परदेशात, मावशी कोल्हापुरात, आणि डाव एक. बुद्धिबळात किंवा पबजीत ही तिघं एकत्र बसू शकली नसती, कारण एक जण सतत जिंकला असता. नशीब सगळ्यांना एका पातळीवर आणतं. जमण्याची भूक बाजूला ठेवून सोबतीची भूक भागवण्याची ही जुनी युक्ती आहे, आणि कायवांची जुनी चौकट ती नव्या सिद्धांतांपेक्षा नीट पकडते.

भोवळीचंही तसंच. युबिसॉफ्टच्या पुणे स्टुडिओचा हात असलेला ‘जस्ट डान्स’ पडद्यासमोर नाचायला लावतो. रोलोक्यूल या पुण्यातल्या कंपनीने २०१३ मध्ये ‘मोशन टेनिस’ काढला, त्यात आयफोन हीच रॅकेट. अंग हलवण्याचा, घाम येण्याचा, सगळ्यांसमोर हात-पाय सैल सोडण्याचा आनंद प्रेरणांच्या याद्यांमध्ये ‘थरार’ या एका शब्दाखाली अंग चोरून बसलेला असतो.

आवड घडवली जाते, असं म्हणणारे

तिसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, तुम्ही खेळाडूच्या मनात काय शोधताय? गेम कसा बनवलाय ते पाहा. कधी बक्षीस मिळेल ते आधी सांगता येऊ नये अशी मांडणी केली की प्राणी कळ दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवलं होतं. रोज हजेरी लावल्याचं बक्षीस, बंद पेटीतून निघणारी बंदुकीची रंगीत कातडी, संपत आलेली आणि उद्या पुन्हा भरणारी जीवनं, ही सगळी त्याच जातीची साधनं. यांच्या मते ‘आवड’ हा शब्दच जपून वापरायला हवा. परत परत उघडला जाणारा प्रत्येक गेम आवडलेला असतोच असं नाही.

यावर समोरच्यांचं उत्तर असं की सवयीचे सापळे हजारो गेममध्ये आहेत, तरी टिकतात मोजकेच. नुसत्या सापळ्याने काम होत असतं तर सगळेच गेम चालले असते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत स्थान दिलं आणि ती आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. पण त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या गटाने सात गेमच्या सुमारे ३९,००० खेळाडूंचा कंपन्यांकडून मिळालेला प्रत्यक्ष खेळाच्या वेळेचा तपशील तपासला, तेव्हा किती वेळ खेळलं याचा मनःस्वास्थ्यावर परिणाम नगण्य निघाला. त्यामानाने का खेळलं, मनाने की मनाविरुद्ध, याचा संबंध अधिक दिसला. विकार असणारे खेळाडू आहेत आणि त्यांना मदत लागते. मात्र तासांच्या हिशेबाने ते ओळखता येत नाहीत.

घडवण्याची आणखी एक बाजू आहे, आणि आपल्या शहरात ती उघड दिसते : हातातला फोन. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. शंभर खेळाडूंचा, अर्ध्या तासापर्यंत चालणारा डाव, आणि त्याला बऱ्यापैकी फोन लागायचा. ‘फ्री फायर’ पन्नास खेळाडूंचा, दहाएक मिनिटांत आटपणारा आणि साध्या फोनवरही चालणारा. मग पबजीवाले ‘फ्री फायर’वाल्यांना हिणवू लागले, जणू काही ती अभिरुचीची पायरी होती. त्यातला किती भाग खरोखर आवडीचा आणि किती फोनच्या रॅमचा? कोथरूडमधल्या मुलाला आणि पर्वतीच्या पायथ्याशी भावंडांत एक फोन वाटून घेणाऱ्या मुलाला समान निवड होती, असं धरून काढलेला प्रेरणांचा आलेख मला अपुरा वाटतो. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली आणि पुढच्या जुलैत ‘बीजीएमआय’ येईपर्यंत लाखोंची ‘आवड’ सरकारी आदेशाने दुसरीकडे वळली, हेही याच हिशेबात धरायला हवं.

पैशांच्या खेळांचा प्रश्न तर कायद्यानेच हाती घेतला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात म्हटलं होतं आणि कौशल्य की नशीब हा वाद त्यानंतर अर्धशतक चालला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तो ओलांडून वेगळी रेघ आखली : पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक गेमना मात्र मान्यता. कायद्याचं हे पाऊल समर्थक कुटुंबांच्या नुकसानीवरून योग्य ठरवतात, विरोधक प्रौढांच्या निवडीवरून चूक ठरवतात. आपल्या प्रश्नापुरतं एवढंच म्हणता येईल की पैसा आला की खेळण्याचं कारण बदलतं, आणि मग खेळाडू कोणत्या प्रकारचा हे विचारण्यात फार अर्थ उरत नाही.

बनवणाऱ्यांची उत्तरं

सिद्धांतांचा निकाल लागेपर्यंत स्टुडिओ थांबत नाहीत. त्यांची उत्तरं त्यांच्या गेममध्ये असतात. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. शेवटी एकच उरतो तो जिंकतो, असा हा नेहमीचा लढाईचा प्रकार. पण त्यात त्यांनी कॉस्मियम नावाचा पदार्थ ठेवला : तो ताब्यात घेऊनही डाव जिंकता येतो. म्हणजे नेम चांगला असणाऱ्याला एक वाट आणि योग्य वेळी योग्य जागी पोचणाऱ्याला दुसरी. त्याच कंपनीच्या ‘सिली रोयाल’मध्ये बंदुकीपेक्षा बोलणं, संशय आणि थापा यांना महत्त्व आहे. एकच कंपनी वेगवेगळ्या खेळाडूंसाठी वेगळे गेम काढते आणि एका गेमच्या आतही दोन दारं ठेवते.

खेळाडूही आपली दारं स्वतः पाडून घेतात. ‘बीजीएमआय’चा कुठलाही जमलेला स्क्वाड पाहा. एक असॉल्टर, जो दिसला शत्रू की रश करतो. एक स्नायपर, जो दूर टेकडीवर वाट पाहत बसतो. एक सपोर्ट, ज्याच्या बॅगेत सगळ्यांसाठी औषधं असतात. आणि एक आयजीएल, म्हणजे डाव चालवणारा म्होरक्या, जो कमी मारतो आणि जास्त बोलतो. चौघांना विचारलं तर चौघेही सांगतील, आम्हाला हा गेम आवडतो. पण चौघे चार वेगळे गेम खेळत असतात.

आठवणींचा ओढा तर कुठल्याच यादीत धड बसत नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमचं नवं रूप युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ करत आहेत, अशी घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली. झलक पाहून जुन्या चाहत्यांनी दृश्यांवर इतकी नाराजी दाखवली की गेम लांबत गेला आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. चाहत्यांना मूळ गेम हवा होता असंही नाही. त्यांना हवा होता तो त्यांच्या सोळाव्या वर्षी मनात उमटलेला गेम. अशा खेळाडूचं समाधान करणं भल्याभल्यांना अवघड जातं, आणि त्यात पुण्याच्या मुलांच्या मेहनतीचं मोल कमी होत नाही.

अजून न सुटलेलं

पहिला मोठा प्रश्न असा की आवड हा स्वभावाचा भाग आहे की प्रसंगाचा. संध्याकाळी मित्रांबरोबर रँक पुश करणारा मुलगा रात्री झोपण्यापूर्वी एकटाच कोडी सोडवतो. हिंजवडीहून दोन तास वाहतुकीत काढून घरी आलेल्या माणसाला सोमवारी जे हवं ते रविवारी नको असतं. प्रेरणांच्या प्रश्नावल्या माणसाला एकदाच विचारतात. त्याच माणसाला आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी विचारणारे अभ्यास कमी आहेत. मला वाटतं, खेळाडूंचे प्रकार करण्यापेक्षा खेळण्याच्या प्रसंगांचे प्रकार करणं अधिक फळ देईल. पण प्रकारवाद्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी : काही माणसं प्रसंग कोणताही असो, स्पर्धाच शोधतात. ते का, याचं उत्तर प्रसंगांच्या यादीत नाही.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. बार्टल यांचे खेळाडू ब्रिटिश संगणकवेडे होते, यी यांचे मुख्यतः पाश्चात्त्य ऑनलाइन जगांतले. भारताविषयी सौविक मुखर्जी आणि आदित्य देशबंधू यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुस्तकं लिहिली आहेत आणि इथला खेळाडू सायबर कॅफे, उधारीचा फोन, मोठी भावंडं आणि परीक्षा यांच्या संदर्भातच समजतो, हे त्यातून कळतं. त्यांच्या कामाची बारा प्रेरणांच्या आलेखाशी गाठ अजून पुरती पडलेली नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. कथेत रमणं ही एक मुख्य प्रेरणा मानली जाते. पण कथा ज्या भाषेत आहे ती खेळाडूला सहज यायला हवी. ‘राजी’ला हिंदी आवाज मिळाला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत. मराठीत बोलणारे, मराठीत गोष्ट सांगणारे मोठे गेम शोधावे लागतात. अशा वेळी मराठी माध्यमातल्या मुलाने प्रश्नावलीत ‘मला कथेत रस नाही, मारामारी आवडते’ असं लिहिलं, तर ती त्याची आवड की त्याला दिलेल्या कपाटातली एकमेव वस्तू? हे तपासायला अवघड नाही. एकच गेम दोन भाषांत द्यायचा आणि कोण किती वेळ कुठे थांबतं ते पाहायचं. असा प्रयोग करायला लागणारे स्टुडिओ, भाषेचे अभ्यासक, मानसशास्त्राचे विभाग आणि खेळणारी मुलं, सगळे पुण्यातच आहेत. खेळाडू कुठल्या वळणावर कंटाळला, कुठे परत आला, कुठे पैसे खर्च केले, याच्या रोजच्या नोंदी कंपन्यांकडे साठतही आहेत. ऑक्सफर्डच्या गटाने सात कंपन्यांना त्या उघड करायला राजी केलं. इथल्या विद्यापीठातल्या एखाद्या संशोधकाने बाणेर-बालेवाडीतल्या स्टुडिओचं दार ठोठावून तेवढंच मागितलं, तर सुरुवात करायला ते पुरेसं होईल.